पाळण्यातले पाय पाहणार कोण?

संघाला नवा प्रशिक्षक मिळाला की पाठीराखे चार दिवस बोलतात. नवा परदेशी आघाडीवीर आला की आठ दिवस. पण क्लबनं खेळाडू हेरायला आणि निवडून आणायला नवा माणूस नेमला, की आमच्या घरात महिनाभर शांतता नसते. प्रशिक्षकाला निदान सामन्याच्या दिवशी नावं ठेवता येतात. हा माणूस मैदानावर दिसतच नाही. तो कुठं जातो, कुणाला बघतो, कुणाला नको म्हणतो, काही कळत नाही. कळतं ते दोन-तीन वर्षांनी, आणि तोवर भांडणारे दमलेले असतात.

इंग्रजीत त्याला स्काउट म्हणतात. मराठीत हेर म्हणावं तर डोळ्यापुढं काळा चष्मा येतो, आणि पारखी म्हणावं तर सराफकट्टा. पण ‘हेरणं’ हे क्रियापद मला फार आवडतं. गर्दीतून एक गोष्ट नजरेनं वेगळी काढणं, तीही दुसऱ्या कुणाच्या लक्षात यायच्या आधी. कन्नडमध्ये निवडीला ‘आय्के’ म्हणतात. आमच्या घरात हा शब्द मोठ्यानं उच्चारला की मराठी मंडळी म्हणतात, ‘ऐकतोय की, ओरडू नका.’

आमचं घर तुमच्यापैकी अनेकांच्या घरासारखंच. स्वयंपाकघरात कन्नड, ओसरीवर मराठी आणि बुऱ्हाणपुरात येऊन राहिल्यापासून दाराबाहेर हिंदी. वास्कोहून सुटणारी गोवा एक्सप्रेस बेळगाव, मिरज, पुणे करत भुसावळ ओलांडते आणि याच रुळांवरून दिल्लीकडं जाते, एवढाच काय तो आमचा गावाशी रोजचा संबंध. बाकी सगळं फोनवर. भाचा बेंगळुरूला, तो बेंगळुरू एफसीचा. साडू मडगावचे, म्हणजे एफसी गोवाचे. धाकटा भाऊ ठाण्यात, तो मुंबई सिटीचा. रविवारी रात्री तिघं एकाच वेळी फोनवर आले की आमच्या सौभाग्यवती चहा ठेवतात आणि टीव्हीवरच्या प्रत्येक नव्या चेहऱ्याकडं बघून एकच विचारतात, ‘इंवा यार?’ हा कोण? तिला ठाऊक नाही, पण क्लबच्या कचेरीत बसणाऱ्या त्या माणसाचं सगळं काम याच प्रश्नाभोवती फिरत असतं.

या तिघांना एकत्र भांडायला लावणारं एक नाव आहे, राहुल भेके. मुंबईचा मराठी मुलगा, बचावपटू. १७ मार्च २०१९ ला अंधेरीच्या मैदानावर आयएसएलचा अंतिम सामना झाला, बेंगळुरू विरुद्ध गोवा. जादा वेळेत, ११७ व्या मिनिटाला भेकेनं डोक्यानं गोल मारला आणि बेंगळुरूनं करंडक उचलला. मराठी मुलानं, मुंबईत, गोव्याच्या नाकावर टिच्चून, कन्नड शहराला कप मिळवून दिला. साडूंनी त्यानंतर दोन रविवार फोन घेतला नाही. पुढं २०२१ मध्ये भेके मुंबई सिटीत गेला, तेव्हा भाच्यानं तोंड फुगवलं. २०२४ मध्ये तो मुंबईचा कर्णधार म्हणून आयएसएल जिंकला आणि त्याच उन्हाळ्यात पुन्हा बेंगळुरूला परतला. आता भाऊ बोलेना. एका खेळाडूनं आमच्या घरातले किती रविवार खाल्ले, त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

पण तो परतला कसा? कुणीतरी ठरवलं म्हणूनच. २०२३-२४ च्या मोसमात बेंगळुरू बारा संघांत दहावा आला होता. त्या उन्हाळ्यात भेकेबरोबर मुंबई सिटीकडूनच पेरेरा दियाझ आणि नोगुएराही आणले, बाहेरून एद्गार मेंदेझ आला. क्लबचे फुटबॉल संचालक होते डॅरन काल्डेरा, स्वतः बचावपटू म्हणून खेळलेले. तेव्हा भाचा म्हणत होता, ‘मामा, दुसऱ्याच्या दुकानातून माल उचलायला पारखी कशाला लागतो? तो तर मीही उचलला असता.’ पुढच्या मोसमात संघ अंतिम सामन्यात पोचला. एप्रिल २०२५ मध्ये कोलकात्यात मोहन बागाननं जादा वेळेत २-१ असं हरवलं, तरी दहाव्या जागेवरून थेट अंतिम सामना. भाचा आता म्हणतो, मी तेव्हाच म्हणत होतो. काय म्हणत होता ते आम्हाला सगळ्यांना आठवतं. असो.

आपला माणूस हवा की बाहेरचा, हा वाद मात्र मिटत नाही. भाच्याचं मत, इथं खेळलेलाच नेमावा, त्याला इथली हवा कळते. भावाचं मत, बाहेरचा आणा, त्याची कुणाशी ओळख नाही, म्हणून कुणाची भीडही नाही. केरळा ब्लास्टर्सनं २०२० मध्ये बाहेरचाच आणला. लिथुआनियातल्या सुदुवा क्लबचे करोलिस स्किंकिस. लिथुआनिया कुठं आहे हे बघायला मला नातवाचा नकाशा काढावा लागला होता. त्यांच्या पहिल्या मोसमात केरळा अकरा संघांत दहावा. कुठल्याही पाठीराख्यानं तिथंच निकाल लावला असता. दुसऱ्या वर्षी त्यांनी इव्हान वुकोमानोविच हा प्रशिक्षक आणला, आद्रियान लुना, आल्वारो वाझ्केझ हे खेळाडू आणले, आणि मार्च २०२२ मध्ये फातोर्ड्याच्या मैदानावर केरळा अंतिम सामना खेळला. हैदराबादकडून पेनल्टीवर हरला, पण माणूस ठरला शहाणा. मग डिसेंबर २०२४ मध्ये त्याच केरळाच्या ‘मंजप्पडा’ या पाठीराख्यांच्या संघटनेनं निकालांना वैतागून सामन्याची तिकिटं घेणार नाही असं जाहीर केलं. माणूस तोच. डोळे तेच. मग मधे बदललं काय?

याचं उत्तर मला विलायतेतल्या एका गोष्टीत सापडतं. लेस्टर सिटी २०१६ मध्ये इंग्लंडचा विजेता झाला. मोसमाआधी सट्टेवाले एकास पाच हजार भाव देत होते, म्हणजे कुणी हिशेबातच धरलं नव्हतं. त्या संघासाठी खेळाडू शोधणाऱ्यांत स्टीव्ह वॉल्श हा माणूस पुढं होता. जेमी वार्डी खालच्या दर्जाच्या फ्लीटवुडमधून २०१२ मध्ये आणलेला, रियाद महरेझ फ्रान्सच्या ल आव्हरमधून २०१४ मध्ये, एन्गोलो कान्ते फ्रान्सच्याच काँ या क्लबातून २०१५ मध्ये. विजेतेपदानंतर लगेच, २०१६ च्या जुलैत, एव्हर्टननं वॉल्शना फुटबॉल संचालक केलं. एव्हर्टनच्या पाठीराख्यांना वाटलं असेल, आता आपल्याकडंही कान्ते उगवणार. पुढच्या वर्षी, २०१७ च्या उन्हाळ्यात, क्लबनं रूनी, क्लासेन आणि सिगुर्डसन असे तीन खेळाडू घेतले. तिघंही जवळजवळ एकाच जागेवर खेळणारे! घरात तीन मिक्सर आणि रवी एकही नाही, तशातली गत. ऑक्टोबरमध्ये प्रशिक्षक कूमन गेले, २०१८ मध्ये वॉल्शही गेले. त्यांची नजर दोन वर्षांत अधू झाली का? मला नाही तसं वाटत. लेस्टरमध्ये त्यांनी दाखवलेला खेळाडू कुठं उभा करायचा हे ठरवणारं घर एकमताचं होतं. हेरणारा एकटा काही करू शकत नाही. त्याचं ऐकणारा कोण आहे, पैसे कुणाच्या हातात आहेत आणि प्रशिक्षकाला तोच खेळाडू हवा आहे का, यावर सगळं अडतं. म्हणून नेमणुकीची बातमी आली की मी त्या माणसाचं नाव नंतर वाचतो. तो कुणाला उत्तरदायी आहे ते आधी शोधतो. बातमीत ते बहुधा नसतंच.

आता म्हणींकडं येतो. आपल्याकडं मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. सासूबाई हेच कन्नडमध्ये म्हणतात, ‘बेळेयुव सिरि मोळकेयल्ले नोडु’, वाढणाऱ्या पिकाचं वैभव कोंबातच बघ. दोन भाषांना एकच गोष्ट पटलेली आहे म्हटल्यावर ती खरी असणार असं आपण धरून चालतो. पण फुटबॉलनं या म्हणीला बरेचदा तोंडावर पाडलंय. कान्ते लहानखुरा म्हणून अकादम्यांनी नाकारलेला मुलगा. तो २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं दोन वेगळ्या क्लबांकडून इंग्लंडचा विजेता झाला आणि २०१८ मध्ये विश्वविजेता. आपल्याकडं १७ वर्षांखालचा विश्वचषक २०१७ मध्ये झाला. ९ ऑक्टोबरला दिल्लीत कोलंबियाविरुद्ध जीक्सन सिंग या मणिपूरच्या मुलानं कॉर्नरवर डोक्यानं गोल मारला. फिफाच्या कुठल्याही विश्वचषकात भारताचा हा पहिला गोल. आपण १-२ हरलो, तरी टाळ्या थांबत नव्हत्या. हा जीक्सन संघासाठीच्या आधीच्या निवडीत बाजूला राहिलेला होता, मागाहून आत आला. पाय पाळण्यातच होते, पाहणाऱ्यानं आधी पांघरूण काढलं नव्हतं इतकंच.

त्याच संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. अमेरिकेत न्यू जर्सीला वाढलेला नमित देशपांडेही होता. त्या संघासाठी भारतीय फुटबॉल महासंघानं हेरगिरीची जबाबदारी अभिषेक यादवकडं दिली होती, मुंबईच्या महिंद्रा युनायटेडकडून खेळलेला उंच आघाडीवीर. परदेशातली भारतीय वंशाची मुलंही तेव्हा शोधली गेली, आणि त्यातून देशपांड्यांचा मुलगा सापडला. ही बातमी आली तेव्हा आमच्या ओळखीतल्या परदेशस्थ मंडळींनी आपापल्या नातवांना बूट घेतले म्हणे. पण अनिकेतची गोष्ट मला जास्त जवळची वाटते. तो कोल्हापूरचा, आणि पुढं पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला. कोल्हापूरकरांना फुटबॉल सांगायला नको. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस. एकेका तालमीमागं अख्खी पेठ उभी. मोसम तोंडावर आला की कोण कुठल्या तालमीत गेला, बाहेरचा खेळाडू किती घेतला, यावर चहाच्या गाड्यांवर जी चर्चा चालते, तिच्यापुढं विलायतेचे पाठीराखे फिके. मुळात या तालमी कुस्तीच्या. हौदात उतरलेल्या पोराच्या मानेकडं आणि मांड्यांकडं बघून वस्ताद ठरवायचे, हा टिकेल, हा पळेल. तीच नजर पुढं शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर आली. कोल्हापुरात हेर पगारी नसतो, गल्लीतला प्रत्येक म्हातारा हेर असतो. म्हणून तिथला पोर सहसा नजरेतून सुटत नाही.

आमच्या बुऱ्हाणपुरात तसे म्हातारे नाहीत. म्हणजे म्हातारे आहेत, मीच एक आहे, पण फुटबॉलकडं बघणारे नाहीत. इथं दोन गोष्टींची पारख आहे, कापडाची आणि केळीची. केळीचा व्यापारी बागेत कसा येतो ते बघण्यासारखं असतं. नवखा असेल तो घडाकडं बघतो, फण्या मोजतो. जुना जाणता आधी बुंध्याकडं बघतो, पाणी कुठून येतं विचारतो, वाऱ्याच्या बाजूला टेकू लावलेत का ते बघतो. घड आज दिसतोच आहे, पंधरा दिवस उभा राहील का हे त्याला पाहायचं असतं. परवा मी भाच्याला हे सांगितलं तर तो हसला. ‘मामा, आता ते सगळं कॉम्प्युटर करतो.’

ते खरंही आहे. लिव्हरपूलनं २०१२ मध्ये इयन ग्रॅहम या भौतिकशास्त्राच्या डॉक्टरेटला आकडेमोडीच्या कामावर घेतलं, आणि पुढं २०१९ मध्ये चॅम्पियन्स लीग, २०२० मध्ये इंग्लंडचं विजेतेपद त्या क्लबकडं आलं. मॅथ्यू बेनम या सट्ट्याच्या गणितात तयार झालेल्या मालकाचा ब्रेंटफर्ड २०२१ मध्ये वरच्या विभागात पोचला. कोण किती धावला, कुणाचा पास कुठं पडला, सगळं मोजलं जातं. आकडा भीड ठेवत नाही, आडनाव विचारत नाही, हा त्याचा फार मोठा गुण. मी आकड्यांच्या विरोधात नाही. पण यंत्र फक्त त्यालाच मोजतं ज्याचा सामना कुणीतरी टिपलेला असतो. कान्तेसुद्धा फ्रान्सच्या लीगमध्ये कॅमेऱ्यासमोर खेळत होता म्हणून आकड्यांत आला. तापीकाठच्या मोकळ्या जागेत, विटांचे गोल करून खेळणाऱ्या पोराचा आकडा कुठून येणार? तो यादीत शेवटी नसतो, यादीतच नसतो. मुंबई सिटीचीच गोष्ट घ्या. मँचेस्टर सिटीच्या मालकांनी २०१९ मध्ये तिथं ६५ टक्के हिस्सा घेतला आणि डिसेंबर २०२५ मध्ये ते बाहेर पडले. त्या काळात मुंबईनं दोन करंडक आणि दोन शील्ड जिंकली, धाकटा भाऊ अजून त्यांची नावं पाठ म्हणून दाखवतो. जगभर पसरलेल्या एवढ्या मोठ्या घराण्याचे डोळे त्यांच्या मागं होते. त्या डोळ्यांना भुसावळच्या अलीकडचं काही दिसलं असेल असं मला वाटत नाही.

आमच्याच मध्य प्रदेशात, दुसऱ्या टोकाला, शहडोल जिल्ह्यात विचारपूर नावाचं आदिवासी गाव आहे. त्याला मिनी ब्राझील म्हणतात. रईस अहमद या प्रशिक्षकानं तिथल्या पोरांना फुटबॉलला लावलं, आणि घराघरांतून खेळाडू निघाले, मुलीसुद्धा. पंतप्रधानांनी जुलै २०२३ मध्ये ‘मन की बात’मध्ये या गावाचं नाव घेतलं, मग मार्च २०२५ मध्ये एका अमेरिकन मुलाखतकाराशी गप्पा मारताना पुन्हा घेतलं. त्या गप्पा जर्मनीतल्या डीटमार बायर्सडॉर्फर या माजी खेळाडूच्या कानावर पडल्या, आणि त्यानं विचारपूरच्या काही खेळाडूंना जर्मनीत सरावाला बोलावलं. ऐकून आनंद झाला. आणि मग मनात आलं, की विचारपूर ते भोपाळ, ते मुंबई, ते कोलकाता, एवढ्या अंतरात कुणा देशी क्लबच्या माणसाला हे गाव आधी दिसायला नको होतं का? जर्मनीला ऐकू आलं, शेजाऱ्याला दिसलं नाही.

बुऱ्हाणपूरनं स्वतः एकदा फार मोठा हेर नेमलाय, चारशे वर्षांपूर्वी. अब्दुल रहीम खानखाना इथले सुभेदार असताना शहराला पिण्याचं पाणी पुरेना. तेव्हा पर्शियाचा एक भूगर्भतज्ज्ञ बोलावला, तबकुतुल अर्ज असं त्याचं नाव सांगतात. साल १६१५. त्यानं सातपुड्याचा उतार पायी पालथा घातला आणि जमिनीखाली पाणी कुठून झिरपत येतं ते शोधलं. तिथं ओळीनं विहिरी खणून खालून बोगद्यानं जोडल्या, तोच आपला कुंडी भंडारा. आजही लोक लिफ्टनं खाली उतरून बघतात, पाहुणे आले की मीही नेतो. तेव्हाही गावात कुरकुर झाली असणार, परदेशी माणूस कशाला, आपल्याकडं पाणाडे नाहीत का म्हणून. पण हा गडी दरबारात बसून राहिला नाही, डोंगराच्या पायथ्याशी गेला. मला नेमणुकीत तेवढंच बघायचं असतं. भाचा विचारतो याआधी कुठल्या क्लबात होता, भाऊ विचारतो पगार किती. मी विचारतो, वर्षातले किती दिवस तो प्रवासात असणार आणि कुठं? बेल्लारीच्या विजयनगरला बेंगळुरू एफसीची निवासी अकादमी आहे. तिथून बेळगाव, विजापूर, गुलबर्गा ही काही लांबची गावं नव्हेत. तिथल्या मैदानांवर त्यांचा माणूस वर्षातून किती वेळा उभा राहतो, हे बेंगळुरूच्या पाठीराख्यांनी विचारायला काय हरकत आहे? स्टेडियममध्ये एवढे फलक फडकतात, एकावर एवढंही लिहिता येईल.

हे सगळं मी एवढं पोटतिडिकीनं का लिहितोय तेही सांगतो. आमच्या गल्लीच्या टोकाला एक मुलगा आहे. सोळा वर्षांचा, डाव्या पायाचा. वडील पॉवरलूमवर, तोही शाळा सुटल्यावर मागावर जातो. चेंडू त्याच्या पायाला चिकटून राहतो असं म्हणणार नाही, बऱ्याचदा सुटतोही. पण सुटलेला चेंडू कुठं जाणार हे त्याला इतरांच्या आधी कळतं. शिकवून येत नाही असलं काही. गेल्या वर्षी एका क्लबच्या खुल्या चाचणीला त्याला पाठवलं, मीच तिकीट काढून दिलं. शेकडो पोरं, प्रत्येकाला दहा मिनिटं, तीही अनोळखी दहा जणांबरोबर. त्याच्याकडं चेंडू दोनदा आला. परत आला तेव्हा आई त्याला काही विचारत नव्हती, नुसती ताट वाढत होती.

मी हे रविवारच्या फोनवर सांगितलं तेव्हा पहिल्यांदाच तिघं एकदम गप्प झाले. साडू म्हणाले, गोव्यात गावोगावच्या स्पर्धांना कुणी ना कुणी बघायला येतंच, त्याला महिनाभर आमच्याकडं पाठवा, काजूच्या बागेत हात लावेल आणि संध्याकाळी खेळेल. भाऊ म्हणाला, पुण्याला क्रीडा प्रबोधिनीचं बघतो, पण वय बसायला हवं. भाच्यानं मात्र तिथंच एका क्लबचा फॉर्म उघडला आणि वाचून दाखवला. जन्मतारीख, उंची, वजन, कुठल्या लीगमध्ये खेळला, आणि शेवटी सामन्याचं चित्रीकरण, किमान वीस मिनिटांचं.

लीगचा रकाना रिकामा राहणार आहे. चित्रीकरण करता येईल. भाचा दिवाळीला येताना चांगल्या कॅमेऱ्याचा फोन घेऊन येतोय, आणि समोर खेळायला पुरेशी पोरं मी आत्तापासून गोळा करतोय, आतापर्यंत तेरा झाली. मुलाच्या आईला हे सांगितलं, तर तिनं एवढंच विचारलं, ‘सकाळी होईल ना हो भाऊ? दुपारी त्याची मागावर पाळी असते.’